कशावरून? रोजच्या जगण्यात नीट विचार करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी दहा-बारा जण जमतात आणि ‘डोकं नीट कसं चालवायचं’ यावर गप्पा होतात. तिथे फिरून फिरून येणारे प्रश्न इथे लिहून ठेवले आहेत. क्रमाला काही अर्थ नाही. ज्याची गरज असेल तो प्रश्न आधी वाचा.

नीट विचार करणं म्हणजे वेगळं काय? हुशार माणसं तो करतातच की.

करतातच असं नाही. एक कोडं घ्या. कप आणि बशी मिळून ११० रुपये. कप बशीपेक्षा १०० रुपयांनी महाग. बशी केवढ्याला?

तोंडातून पटकन ‘दहा’ निघतं. पण बशी दहाची असेल तर कप एकशेदहाचा, म्हणजे दोन्ही मिळून एकशेवीस झाले. बशी पाच रुपयांची आहे. यातलं गणित सातवीतल्या पोरालाही येतं, त्यामुळे गोची गणिताची नाही. पहिलं उत्तर इतक्या झटकन आणि इतक्या खात्रीनं येतं की ते पडताळून पाहावं असं वाटतच नाही. आमच्याकडे इंजिनिअर, सीए, निवृत्त मुख्याध्यापक सगळे दहावर अडकले आहेत. मीही अडकलो होतो, आणि वर वाद घातला होता.

हुशारी म्हणजे डोक्याचा वेग. नीट विचार म्हणजे त्या वेगाला ब्रेक कुठे लावायचा याची समज. दोन्ही एकाच माणसात असतील तर उत्तम, पण नसण्याचीच उदाहरणं जास्त दिसतात.

सुरुवात कुठून करू?

एका शब्दापासून: कशावरून? लहानपणी हा शब्द आपण भांडताना सर्रास वापरायचो. ‘तूच पेन घेतलंस.’ ‘कशावरून?’ मोठेपणी तो दुसऱ्याला विचारणं उद्धटपणाचं ठरतं, म्हणून आपण तो स्वतःलाही विचारेनासे होतो.

आपल्याकडच्या न्यायदर्शनानं, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय परंपरेनं, याचं उत्तर चार खणांत लावून ठेवलं आहे: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. म्हणजे स्वतः पाहिलं, पाहिलेल्यावरून ताडलं, सारखेपणावरून ओळखलं, किंवा कुणी सांगितलं. आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. दिवसातून तीनदा, जे काही ठामपणे बोललात त्यापुढे खण लिहा. बहुतेकांची वही ‘शब्द’ आणि ‘अनुमान’ यांनीच भरते. आपण ‘मला माहीत आहे’ म्हणतो त्यातलं स्वतः पाहिलेलं फारच थोडं असतं.

यात वाईट काही नाही. सगळं स्वतः पाहायचं म्हटलं तर पृथ्वी गोल आहे हेही सांगता येणार नाही. पण नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, ‘शब्द’ प्रमाण मानताना एक अट घातली होती: सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे आणि जो ती आहे तशी सांगतो, तो आप्त.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या सोसायटीत बातमी आली की दोन दिवस पाणी येणार नाही. तासाभरात लोकांनी पिंप, बादल्या, अगदी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवले. बातमी आणली वॉचमननं. त्याला सांगितलं शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमननं. आणि त्याला? टँकरवाल्यानं. टँकरवाला पाण्याच्या बाबतीत जाणकार आहे यात शंका नाही, पण पाणी न येण्यात त्याचा धंदा आहे. आप्त असण्याच्या दोन अटींपैकी एक पुरी, एक नापास. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला नेहमीसारखं पाणी आलं.

व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या गोष्टींचं काय करायचं?

पुढे पाठवायच्या नाहीत. एवढंच उत्तर पुरे होतं, पण ‘पाठवून बिघडलं काय’ असं विचारणारेही असतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा तेव्हा मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. ‘खरं-खोटं माहीत नाही, पण सावध असलेलं बरं’ असं लिहून मेसेज पुढे ढकलणारे सगळे भले लोकच होते.

एक खूण सांगतो. मेसेज वाचून लगेच हात शिवशिवले, की थांबायचं. ज्या मेसेजला तारीख नाही, ठिकाण नाही आणि भरपूर उद्गारचिन्हं आहेत, तो तुमच्या डोक्यासाठी लिहिलेलाच नसतो.

पण मला स्वतःला अनुभव आला आहे. तोही खोटा का?

अनुभव खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा असू शकतो. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ हे आपण जन्मभर म्हणतो, पण स्वतःच्या कावळ्याला ते कधी लावत नाही.

काढा घेतला आणि सर्दी पाच दिवसांत गेली. ठीक. आता एका कागदावर चार चौकोन काढा. काढा घेतला, बरं वाटलं. काढा घेतला, नाही वाटलं. काढा घेतला नाही, तरी बरं वाटलं. काढा घेतला नाही आणि बरंही वाटलं नाही. आपल्याला आठवतो तो फक्त पहिला चौकोन. सर्दी आठवडा-दहा दिवसांत बहुधा आपली आपणच जाते, म्हणजे तिसरा चौकोन भरपूर भरलेला असणार. पण न घेतलेल्या काढ्याची गोष्ट कोण सांगत बसतो?

चारही चौकोन प्रामाणिकपणे भरण्याचं आपल्याकडचं एक सुरेख उदाहरण म्हणजे जयंत नारळीकरांनी पुण्यात केलेली फलज्योतिषाची चाचणी. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: शंभर अभ्यासात हुशार, शंभर मतिमंद. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस पत्रिका देऊन विचारलं, यातली हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवून ठरवलं असतं तर चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी त्याच्याही खाली राहिली.

मला यातला निकाल महत्त्वाचा वाटतोच, पण त्याहून ती रीत जास्त आवडते. कुणाला शिव्या नाहीत, टिंगल नाही. बरोबर कशाला म्हणायचं आणि चूक कशाला, हे आधी ठरवलं आणि मग मोजलं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो: निकाल लागल्यावर ‘मी म्हटलंच होतं’ची जुळवाजुळव.

आरोग्य तपासणीत रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. म्हणजे आजार आहेच ना?

टक्क्यांत विचार करू नका, माणसं मोजा. समजा काहीही त्रास नसलेल्या हजार जणांची तपासणी केली. त्यांत खरा आजार असलेले दहा. चाचणी चांगली आहे, दहापैकी नऊ जणांना पकडते. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी नऊ टक्क्यांना ती चुकून पॉझिटिव्ह म्हणते, म्हणजे सुमारे ८९ जणांना. आता पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेले एकूण किती? ९८. त्यांत खरे आजारी नऊ. अकरांत एक.

हेच आकडे टक्क्यांत दिले तर डॉक्टरही गोंधळतात आणि माणसांच्या संख्येत दिले तर त्यांनाही चटकन उमगतात, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांनी दाखवून दिलं आहे. इथे मी घेतलेले आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या चाचणीचे वेगळे असतील, आणि तुम्हाला आधीपासून लक्षणं असतील तर हिशेब पार बदलतो. म्हणून रिपोर्ट फाडून टाकायचा नाही. पुढची खात्रीची तपासणी करायची, पण तोवर मृत्युपत्र लिहायला बसायचं नाही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: ‘माझ्यासारख्या शंभर जणांचा हा रिपोर्ट असा आला, तर त्यातल्या किती जणांना खरंच आजार निघतो?’

एजंट म्हणतो वीस वर्षांत पैसे दुप्पट. घेऊ का पॉलिसी?

हा प्रश्न दर महिन्याला येतो, म्हणून जरा सविस्तर. एक ताई माहितीपत्रकच घेऊन आल्या होत्या. वर्षाला ५० हजार, वीस वर्षं. भरायचे १० लाख, शेवटी मिळणार २० लाख. एजंट त्यांच्या ओळखीचा, घरी येऊन चहा पिऊन जाणारा. ‘ताई, डोळे झाकून करा, डबल आहे.’

आम्ही कागद घेतला. ‘दुप्पट’ या शब्दात वेळ नसतो, म्हणून आधी वेळ घातला. पहिला हप्ता वीस वर्षं राहणार, शेवटचा एकच वर्ष. मग कॅल्क्युलेटरवर वर्षाचा दर काढला: सव्वासहा टक्क्यांच्या किंचित आत. ताई म्हणाल्या, ‘अगंबाई, एवढाच?’ त्या दहा टक्के तरी धरून चालल्या होत्या. कॅल्क्युलेटर नसेल तर ७२ चा आडाखा लक्षात ठेवा: ७२ ला व्याजदरानं भागलं की एकरकमी पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते साधारण कळतं. सहा टक्क्यांनी बारा वर्षं, आठ टक्क्यांनी नऊ.

दर कमी म्हणजे पॉलिसी वाईटच, असं नाही. कुणाला शिस्तीनं पैसे बाजूला पडावेत एवढंच हवं असतं. पण मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला: हे घेताय कशासाठी? ‘उद्या मला काही झालं तर मुलांसाठी.’ विम्याची रक्कम पाहिली तर पाच लाख. घर त्यांच्या पगारावर चालतं, पाच लाख किती दिवस पुरणार? तेवढ्याच हप्त्यात निव्वळ मुदतीचा विमा कितीतरी मोठा मिळाला असता. तिसरा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि तो सगळ्यांत चांगला होता: ‘तिसऱ्या वर्षी हप्ता भरता आला नाही तर हातात किती येतील?’ त्याचं उत्तर माहितीपत्रकात बारीक अक्षरात होतं.

डोळे झाकून काही करा म्हणणाऱ्यासमोर डोळे उघडे ठेवावेत. तो माणूस वाईट असतो असं नाही, त्याला कमिशन असतं एवढंच.

चार वर्षं स्पर्धा परीक्षेची तयारी केली. आता सोडली तर सगळं वाया जाईल ना?

हा प्रश्न विचारणारा मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहत होता आणि दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत काढत होता. त्याला उपदेश करायची आमच्यात कुणाची लायकी नव्हती. हिशेब मात्र मांडता आला.

गेलेली चार वर्षं दोन्ही वाटांवर गेलेलीच आहेत. पुढे चालू ठेवल्यानं ती परत येत नाहीत, थांबल्यानं जास्त जात नाहीत. म्हणून त्यांना तराजूत घालायचंच नाही. प्रश्न असा हवा: आज मी इथे पहिल्यांदाच उभा असतो, मला आज जे येतं ते येत असतं आणि आजचं माझं वय असतं, तर पुढचं एक वर्ष मी यात घातलं असतं का? उत्तर ‘हो’ येऊ शकतं. मग ते ‘हो’ खरं असतं. ‘एवढं केलंय तर आता’ हे कारण नाही, ती हळहळ आहे.

दुसरी गोष्ट भिंतीवरच्या फ्लेक्सची. क्लासबाहेर यशस्वी उमेदवारांचे हसरे चेहरे लागतात आणि प्रत्येकाची मुलाखत सांगते की हार मानली नाही म्हणून झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाच्या संख्याशास्त्रज्ञापुढे असाच पेच होता. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत त्याच्या नोंदी होत्या. साधी बुद्धी सांगते की जिथे भोकं जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्डचं म्हणणं उलट होतं. ही परतलेली विमानं आहेत. जिथे भोकं दिसत नाहीत, तिथे ज्यांना गोळी लागली ती परतलीच नाहीत. फ्लेक्सवर परतलेली विमानं असतात. हार न मानलेले आणि तरीही न झालेले त्याच अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतात. त्यांची मुलाखत कुणी घेत नाही. २०२३ च्या यूपीएससी नागरी सेवा पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार जण प्रत्यक्ष बसले आणि शेवटी १०१६ जणांची शिफारस झाली. साधारण ५८० मागे एक. यात न झालेल्या ५७९ जणांनी जिद्द दाखवली नाही, असं म्हणायची हिंमत मला होत नाही.

त्या मुलाला एकच काम दिलं. अजून किती प्रयत्न, किती गुणांच्या खाली राहिलो तर थांबायचं, आणि त्यानंतर काय, हे आजच, निकालाच्या आधी, लिहून मित्राकडे ठेव. निकालाच्या दिवशी आपण आपले नसतो.

दुकानात गेल्यावर मी नेहमी फसते. का?

पहिला आकडा समोरच्यानं बोलला म्हणून. १९७४ साली छापलेल्या एका लेखात ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग सांगितला आहे. लोकांसमोर एक चक्र फिरवलं, ते दहावर किंवा पासष्टवरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के? दहा पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, पासष्ट पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नव्हता! दुकानदाराच्या ‘दोन हजार’चा आणि ओढणीच्या खऱ्या किमतीचाही तेवढाच असू शकतो. घरून निघतानाच आपला आकडा ठरवून, जमल्यास हातावर लिहून जा.

घरात कुठलाही विषय काढला की भांडणच होतं. समोरच्याला कसं पटवायचं?

पटवायचं आहे की जिंकायचं आहे, हे आधी ठरवा. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार आहेत. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असेल तर वाद. काहीही करून जिंकायचं असेल तर जल्प. स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं फक्त खोडत राहायचं, ती वितंडा. आपल्याकडे ‘वाद’ शब्दाला आज भांडणाचा वास येतो, आणि रात्री टीव्हीवर ज्याला चर्चा म्हणतात ती निव्वळ वितंडा असते.

एका घरातलं सांगतो. वडील गावचं घर विकायला तयार नव्हते. मुलगा दरवेळी तेच आकडे मांडायचा: कौलं फुटलीत, डागडुजीला दरवर्षी खर्च, राहतं कोण? वडील दरवेळी उठून जायचे. एकदा त्यानं आकडे बाजूला ठेवले आणि म्हणाला, ‘बाबा, मला वाटतं तुम्हाला घराचं नाही, दुसऱ्याच कशाचं तरी वाटतंय. मी बरोबर बोलतोय का?’ वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘अरे, घर विकलं की गावात मी पाहुणा होईन. कुणाच्या ओसरीवर बसू?’ त्या घरात पुढे काय झालं ते लांबलचक आहे. पण कौलांवरचं भांडण त्या दिवशी संपलं, कारण ते कौलांचं नव्हतंच.

समोरच्याचं म्हणणं त्यालाच ‘हो, अगदी हेच’ म्हणावंसं वाटेल असं मांडून दाखवायचं. ते जमेपर्यंत आपली बाजू सुरूच करायची नाही. मला हे घराबाहेर जमतं, घरात अजून नीट जमत नाही.

मग भावना बाजूलाच ठेवायच्या का?

अजिबात नाही. भीती, राग, ओढ या खबरी आहेत. खबर ऐकावी, निकाल मात्र खबऱ्यानं देऊ नये.

घराचं काम काढलं की वेळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर जातात. आधी कळत कसं नाही?

कारण आपण फक्त आपल्या घराकडे पाहतो. मिस्त्री म्हणतो पंधरा दिवस, आपण मनात एकेक काम जोडून पाहतो आणि खरंच पंधरा दिवस भरतात. त्यात फरशीवाल्याच्या गावची जत्रा नसते, चुकीच्या रंगाची टाइल नसते. सिडनीचं ऑपेरा हाउस ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये १९६३ पर्यंत उभं राहायचं होतं. ते उघडलं १९७३ ला, खर्च १० कोटी २० लाख. तिथे तर मोठमोठे तज्ज्ञ होते.

उपाय फुकट आहे. बिल्डिंगमध्ये ज्यांनी स्वयंपाकघर फोडलं होतं, अशा तिघांचं दार वाजवा आणि विचारा: किती म्हणाले होते, किती लागले? तोच तुमचा अंदाज. शिवाय काम सुरू होण्याआधी घरच्यांना एकत्र बसवून म्हणा, ‘समजा दिवाळी आली आणि काम अर्धवट आहे. काय झालं असेल?’ गॅरी क्लाइन नावाच्या संशोधकानं ही युक्ती कंपन्यांसाठी मांडली, पण आजीला ती जास्त चांगली जमते. ‘काम नीट होईल ना?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘बिघडलंच आहे, का ते सांगा’ म्हटलं की आजी पाच कारणं देते, आणि त्यातली दोन खरी निघतात.

एवढं सगळं तपासत बसलं तर जगायचं कधी?

चहा घ्यावा की कॉफी, यासाठी कागद काढू नका. जे उद्या फिरवता येतं ते पटकन ठरवा. लग्न, कर्ज, ऑपरेशन, राजीनामा अशा न फिरणाऱ्या गोष्टींसाठी वेळ राखून ठेवा. १७७२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिननं जोसेफ प्रीस्टली या मित्राला पत्रातून आपली रीत कळवली होती: कागदाचे दोन भाग करायचे, बाजूनं आणि विरुद्ध, आणि तीन-चार दिवस जसं सुचेल तसं भरत जायचं. यातल्या दोन रकान्यांचं सगळे कौतुक करतात. खरी गंमत त्या तीन-चार दिवसांत आहे, कारण वेगवेगळ्या मूडमधली कारणं एकाच कागदावर येतात.

मुलांना हे कसं शिकवावं?

खेळातून. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये केलेला एक प्रयोग घरी खेळता येतो. तुम्ही म्हणायचं, ‘माझ्या मनात एक नियम आहे. २, ४, ६ हे आकडे त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे विचारा, मी हो किंवा नाही सांगेन. खात्री झाली की नियम ओळखा.’ बहुतेक जण ८, १०, १२ विचारतात. हो. २०, २२, २४. हो. मग ऐटीत सांगतात, दोन-दोननं वाढणारे आकडे. चूक. नियम एवढाच आहे की आकडे चढत्या क्रमानं हवेत.

गणपतीत सगळे जमले असताना हा डाव टाकला होता. माझे मेहुणे सलग सहा वेळा ‘हो’ घेऊन खुशीत होते. त्यांची नऊ वर्षांची लेक मोदकाचं सारण चाटत मध्येच म्हणाली, ‘मामा, ५, ३, १?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘१, २, ५०?’ ‘हो.’ ती हसायला लागली. मेहुणे तिला म्हणाले, ‘अगं, मध्ये मध्ये करू नकोस, माझं होत आलंय.’